डाव्या हाताने बांधलेली माशी

प्रिय अहो,

हसू नका. आयुष्यभर मी तुम्हाला ‘अहो’ यापलीकडे काही म्हटलं नाही, मग कागदावर तरी दुसरं काय लिहिणार? नाव घ्यायची जिभेला सवय नाही, आणि ‘सर’ म्हणायला अख्खा बांदा गाव आहे.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. संध्याकाळी तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये छोटासा कार्यक्रम ठेवला होता. किती बोलली माणसं! सर फळ्यावर एका रेषेत भारताचा नकाशा कसा काढायचे, कोकणच्या किनाऱ्यावरची एकेक खाडी त्या रेषेत कशी वळायची, हे प्रत्येकाने सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. तुमच्या माशांचा विषय मात्र एकानेही काढला नाही! मासे नव्हेत, माशा. गळाला बांधायच्या, पिसांच्या. शेवटी एक जण म्हणाला, “सरांना मासेमारीचा छंदही होता,” आणि लगेच पुढच्या वाक्यावर गेला.

छंद! मला उठून सांगावंसं वाटलं, अरे, त्या छंदाने या माणसाला परत उभं केलं. पण माइकसमोर माझं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आज सकाळची कामं उरकून लिहायला बसले. सांगायचं तर आहेच, मग तुम्हालाच सांगते. तुम्ही ते सगळं आतून सोसलंत. बाहेरून कसं दिसत होतं, ते तुम्हाला कुठे माहीत?

सुरुवात प्रसादने केली. तुमचा तो बोटीवर नोकरी करणारा विद्यार्थी. तुम्ही रिटायर झालात तेव्हा तो परदेशातून एक लांब, लवलवती काठी घेऊन आला, जाड पिवळ्या दोरीसकट, आणि सोबत डबीत चार-पाच माशा. मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला वाटलं, कानातलीच आणलीत माझ्यासाठी! इतक्या नाजूक. प्रसाद म्हणाला, “सर, याला आमिष नाही लावायचं. गांडूळ नको, सुंगटं-कोळंबी नको. ही माशीच पाण्यावर अशी टाकायची की माशाला जिवंत वाटली पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुम्ही माझ्या शिवणाच्या डब्यात हात घातलेला!

“अहो, माजी सुई खंय चालली?”

“थांब गो. हिच्या पोटात काय आसा ता बघूया.”

आणि त्या सुईने तुम्ही ती परदेशातली माशी एकेक वेढा सोडवत उसवलीत. पांढऱ्या बशीत दोरा एकीकडे, पीस एकीकडे, कसले तरी केस एकीकडे, मधोमध उघडा गळ. चांगली वस्तू मोडली म्हणून मी करवादले. तुम्ही बशीकडे बघत म्हणालात, “एवढाच? मग ह्या आपल्याक जमतला.”

पुढचे दोन महिने आपल्या घरात कुठलीही वस्तू सुरक्षित नव्हती. सोनाराकडून एक जुनी, बोटभर पकड आणलीत आणि ती पाटाला स्क्रूने आवळलीत. गळ तिच्यात धरायचा आणि वर काम करायचं. शेजारच्या कुसुमच्या तांबड्या कोंबड्याकडे तुम्ही असे टक लावून बघायचात की तिने मला विचारलं, “काकी, सर आमच्या कोंबड्याक नजर लावतत काय ओ?” मानेवरची पिसं हवी होती तुम्हाला. लांब, चिवट, पाण्यात पसरणारी. दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यातून धागे उपसून सुंगटाच्या मिशा झाल्या. मेधा दिवाळीला माहेरी आली, तर तिची नखपॉलिशची बाटली गायब! माशीच्या डोक्यावरची शेवटची गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर थेंब सोडायला ती तुम्ही पळवली होतीत. पाच माशा तयार झाल्या, पाचही गुलाबी डोक्याच्या.

आणि माझ्या लग्नातल्या शालूची जर? विचारायला काय झालं होतं हो? मी कपाट उघडलं तर काठाचा एक कोपरा भुंडा. तुम्ही म्हणालात, “बारीक मासळी उन्हात वळली की तिची कूस अशीच चमकता.” नदीत कधी कुणाचा शालू चमकला आहे का, असं मी विचारणार होते. पण तुम्ही माशी उन्हात धरून फिरवून दाखवलीत, आणि खरंच, अगदी तशीच चमकली. मग माझा राग निम्माच राहिला. निम्मा अजून आहे, बरं का.

गावात तर काय, सर रिटायर झाल्यावर माशा मारत बसलेत, असं लोक म्हणायला लागले. तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढे कोणी चौकशी केली की तुम्हीच सांगायचात, “माशा मारणा सोडलंय, आता बांधतंय!”

पण एक गोष्ट मला कधीच पटली नाही. मी समुद्रकाठच्या मिठबावची. आमच्याकडे मासा पाण्यातून बाहेर आला की पुढचा प्रश्न एकच, कालवण की तळून? आणि तुम्ही नदीच्या वळणावर मला हौसेने घेऊन गेलात, हातभर चोणक, खाडीतून नदीत चढणारा तो चवीचा मासा, काढलात, डोळे भरून बघितलात आणि माझ्यादेखत परत सोडून दिलात! चोणक!

“माज्या माहेरी ह्या सांगा नकात. जावई येडो झालो म्हणतले.”

“अगो, माशी खरी वाटली म्हणान तो इलो,” तुम्ही ओल्या हातांनी चष्मा पुसत म्हणालात. “माका तेवढाच व्हया होता.”

घरी येईपर्यंत मी तणतणत होते. पण तेव्हाच कुठेतरी वाटलं होतं, केवढं समाधान आहे या माणसात! आपण केलेली गोष्ट खरी वाटली, एवढ्यावर पोट भरणारी माणसं किती असतात? तुम्हाला मी हे कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिते.

मग ती सकाळ आली. तुम्ही पडवीतल्या आरशासमोर दाढी करत होतात. ब्रश पडल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तर तुम्ही खाली पडलेल्या ब्रशकडे बघत उभे, अर्ध्या गालाला फेस, आणि तोंड एका बाजूला उतरलेलं. मला काहीतरी सांगत होतात, पण ते शब्द नव्हते.

गोव्याच्या इस्पितळातून घरी आलात तेव्हा पाय ओढत का होईना चालत होतात, जीभ हळूहळू वळत होती. पण उजवा हात गेला होता. फळ्यावर नकाशा काढणारा, तो हात. तो तुम्ही मांडीवर घेऊन बसायचात, दुसऱ्या कुणाचं मूल सांभाळायला दिल्यासारखा.

फिजिओथेरपी करणारी अश्विनी सावंतवाडीहून यायची. गोड मुलगी. डावा हात तयार करा म्हणून तिने ताटात लाकडी खुंट्या आणि रंगीत मणी घालून दिले. तुम्ही ते ताट उलथून टाकलंत. “पोरांचो खेळ,” एवढंच म्हणालात. ती बिचारी वाकून मणी गोळा करत राहिली.

सगळ्यात वाईट म्हणजे जेवण. डाव्या हाताने जेवायचं तुम्हाला इतकं लाजिरवाणं वाटायचं की माझ्याशिवाय कुणासमोर तुम्ही घास घेत नव्हतात. इन्सुलीला तुमच्या चुलतभावाकडे वास्तुशांत होती, आठवतं? पंगत बसली. तुमच्या पानावर भात आला, वरण आलं, तूप आलं. सगळे जेवायला लागले. तुम्ही डावा हात मांडीखाली दाबून बसलात आणि वाढणाऱ्याला म्हणालात, “पोट भरलेला आसा.” सकाळपासून चहाखेरीज पोटात काही नव्हतं, हे त्या पंगतीत फक्त मला माहीत होतं. घरी येऊन दार लावलं, तेव्हा कुठे पेज घेतलीत. त्यानंतर कुठल्याही आमंत्रणाला तुम्ही नाहीच म्हणालात. हळूहळू लोकांनीही बोलवायचं सोडलं.

तुम्हाला वाटतं, मी त्या दुपारी मुद्दाम केलं. तुम्ही नंतर कितीदा तरी म्हणालात, “तुजो डाव होतो तो.” नाही हो, खरंच नाही. मी कपाटावरचा पाट पुसायला म्हणून काढला. पकड गंजायला लागली होती. तेल दिलं, आणि मग सहज वाटलं, इतकी वर्षं ब्लाउज शिवले, एक माशी बांधता येणार नाही? तुमच्या खुर्चीसमोरच बसले. तुम्ही खिडकीकडे तोंड करून होतात.

काय फजिती! पीस घट्ट धरलं की मोडायचं, सैल धरलं की फिरायचं. दोरा गळाच्या टोकाला लागून तुटायचा. मी परत सुरुवात करायची. कितीतरी वेळ तसंच चाललं होतं. आणि मागून आवाज आला.

“दोरो... ढिलो.”

मी वळले नाही. म्हटलं, आपल्याला भास झाला.

“ढिलो पडता गो! ओढून धर! पीस मोडतला तसा!”

अहो, इस्पितळातून आल्यापासूनचं ते तुमचं पहिलं सलग बोलणं! कळत होतं मला एकेक अक्षर. चिडलात म्हणून जीभ सुटली. मी म्हटलं, “येवढा कळता तर येवन दाखवा.” म्हटलं आणि घाबरले. पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तुम्ही पाय ओढत आलात, पाटाजवळ बसलात आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत पिसाचं टोक धरलंत. मी दोरा गुंडाळला. तुम्ही “आता... अजून एक... हां” करत राहिलात.

ती माशी म्हणजे भिजलेलं कावळ्याचं पिल्लू झालं होतं. मी तसं म्हटलं, आणि तुम्ही हसलात. वाकड्या तोंडाने, पण मोठ्याने! मी पटकन चहा ठेवायला आत गेले. चहा आधीच झाला होता.

मग रोज दुपारी आपला उद्योग सुरू झाला. तुम्ही धरायचं, मी गुंडाळायचं. बऱ्या व्हायला लागल्या होत्या माशा. आणि मला वाटत होतं, चला, असंच चालू राहूदे, छान आहे. पण तुम्ही कुठले तेवढ्यावर थांबणारे! एक दिवस म्हणालात, “तू जा. माका एकट्याक करूक दी.”

तो पावसाळा मी स्वयंपाकघराच्या दाराआड काढला असं म्हटलं तरी चालेल. दोऱ्याचं एक टोक तुम्ही दातांत धरायचात. उजवा हात उचलून पाटावर ठेवायचात, कागद उडू नये म्हणून वर काही वजन ठेवतात तसा. त्याच्याखाली पिसं दाबायची आणि डाव्या हाताने एकेक वेढा घालायचा. वेढा सुटायचा. पीस उडायचं. गळ बोटात घुसायचा. तुम्ही शिव्या द्यायचात, मास्तरांना येत असतील असं वाटणार नाही अशा! मी पुढे झाले की खेकसायचात, “येव नको!”

मी उभी राहायचे. कितीदा वाटलं की हे कशाला? काय अडलंय? दोघांनी मिळून बांधल्या तर काय बिघडतं? पण तुमचा चेहरा बघितला की कळायचं, तुम्ही माशी बांधत नव्हतात, तुमचा हात तुम्ही नव्याने बांधत होतात. रोज सुटायचा, रोज परत बांधायचात. अहो, सत्तरीला टेकलेल्या माणसात एवढी चिकाटी येते कुठून? मला आजही कळलेलं नाही.

आणि एक दिवस तुम्ही स्वतः स्वयंपाकघरात आलात. माझ्या हातावर एक माशी ठेवलीत. लहानशी, तांबूस, नीट डोकं असलेली.

“ओढ.”

“नको, सुटतली.”

“ओढ म्हणतंय ना!”

मी पीस धरून ओढलं. आणखी जोरात ओढलं. सुटली नाही.

अश्विनी आली तेव्हा तिने ती माशी कितीतरी वेळ तळहातावर धरली होती. मग मण्यांचं ताट गुपचूप पिशवीत परत घातलं. “सर, हे आता तुम्हाला नको,” म्हणाली. तुम्ही तिला पहिल्यांदाच बस म्हणालात.

फेकायला शिकलात ते अंगणात. पहिल्या दिवशी माशी जास्वंदीला अडकली, मग दोरीवरच्या कपड्यांना, मग माझ्या अंबाड्याला! कुसुम दगडी गडग्यापलीकडून हसून हसून बेजार. पण पाऊस सरेपर्यंत ती पिवळी दोरी तुमच्या डाव्या खांद्यावरून अशी सुळकन उलगडायला लागली की कुसुम हसायची थांबली आणि बघतच राहिली.

पाणी निवळल्यावर आपण नदीवर गेलो. प्लास्टिकची खुर्ची कुसुमने आणली. एक अडचण कुणाच्या लक्षात आली नव्हती. काठी डाव्या हातात, मग दोरी ओढायची कुणी? थोडी थोडी ओढत राहिली तरच माशी पाण्यात जिवंत मासळीसारखी चालते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पदर खोचला. तुम्ही फेकायचं, मी ओढायचं.

बराच वेळ काहीच नाही. आणि मग काय हिसका बसला हो! दोरी माझ्या बोटांतून पळाली.

“सोड! सोड तेका! आता ओढ! अगो, ओढू नको!”

“एक काय ता सांगा!” मी ओरडले.

कुसुम कमरभर पाण्यात शिरली. “तेच्या कल्ल्यांक हात लावू नको, कापतला!” तुम्ही तिला ओरडून सांगत होतात. तिने त्याला दोन्ही हातांनी कवटाळून काठावर आणला. चोणक. पूर्वीच्यापेक्षा लहान, पण चोणकच. ओठात तुमची तांबूस माशी.

मी वाट बघत होते, आता तुम्ही म्हणणार, सोड. तुम्ही धापा टाकत खुर्चीत बसला होतात. शर्ट घामाने भिजलेला. माझ्याकडे बघून म्हणालात, “आज तू सांग.”

मिठबावची लेक दुसरं काय सांगणार? “घराक न्हेऊया,” म्हटलं.

त्या दुपारी आपल्या ओटीवर पंगत बसली. कुसुम, तिचा नवरा, आणि अश्विनीचा यायचा दिवस होता म्हणून तिलाही मी जाऊ दिलं नाही. तुकड्या तळल्या, बाकीच्याची आमटी केली, कोकमाची सोलं घालून. तुमचं ताट मी नेहमीसारखं आतल्या खोलीत मांडायला निघाले, तर तुम्ही म्हणालात, “हय वाढ. सगळ्यांवांगडा.”

मी चमचा ठेवला. तुम्ही तो बाजूला सारलात. डावा हात ताटात घातलात, भात कालवलात. ओटीवर सगळ्यांचे हात थांबले. तुम्ही वर बघितलंत, सगळ्यांकडे, एकेक करून.

“ह्याच हातान धरलंय,” म्हणालात, “ह्याच हातान खातलंय.”

आणि घास घेतलात.

कुसुमच ती, तिने आमटीचं भांडं उचललं. “सर, आणखी वाढू?”

“वाढ.”

तुम्ही तीनदा भात घेतलात त्या दिवशी. मी उभीच होते भांडं धरून. तुम्ही जेवताय आणि चार माणसं बघतायत, एवढंच बघत होते. लग्नात तुम्हाला हार घालतानाही मी तुमच्याकडे इतकं मान वर करून बघितलं नव्हतं.

पुढे तुम्ही सगळीकडे जायला लागलात. लग्नं, बारशी, इन्सुलीलासुद्धा. लहान मुलं तुमच्या डाव्या हाताकडे टक लावून बघायची, तर तुम्ही त्यांना चोणकाची गोष्ट सांगायचात, आणि दर वेळी तो चोणक थोडा मोठा व्हायचा. ही खोटी गोष्ट मी कधी दुरुस्त केली नाही.

मग हृदयाने दगा दिला. इस्पितळात न्यायलासुद्धा वेळ दिला नाहीत. एवढी घाई तुम्ही आयुष्यात दुसऱ्या कशाची केली होतीत? रागावले आहे मी त्याबद्दल, सांगून ठेवते. पण परत मिळालेली ती थोडी वर्षं तुम्ही मांडीखाली हात दाबून काढली नाहीत, हे आठवलं की राग टिकत नाही.

काल सगळे गेल्यावर मेधा म्हणाली, “आई, बाबांच्या उरलेल्या माशांची काचेची फ्रेम करूया. हॉलमध्ये लावूया, वर छोटा दिवा सोडूया.” तिचं मन चांगलं आहे. पोरीचा जीव होता तुमच्यावर. मी म्हटलं, उद्या सांगते. हे लिहितालिहिता माझं ठरलं. फ्रेम करायची नाही. भिंतीवर लावायला तुम्ही त्या बांधल्याच नव्हत्यात.

त्या पाण्यात जातील. काही झाडांना अडकतील, काही खडकांत तुटतील, एखादी तोंडात घेऊन चोणक पळून जाईल. जाऊदेत. मेधा रडेल थोडी, मग समजेल. काठी मी आत्ता मधेच उठून उतरवली, पुसून ठेवली. कुसुमलाही हाक मारून सांगितलं. पुढच्या रविवारी, भरतीची वेळ बघून, आम्ही नदीवर जातोय.

मला फेकता येत नाही, हे खरं. तुम्ही होतात तोवर मी नुसती ओढायचे. आता फेकायचंही मलाच आहे आणि ओढायचंही मलाच. हात दुखतील, लोक हसतील, पहिली माशी बहुतेक माझ्याच पदराला लागेल. पण शिकेन. शब्द देते तुम्हाला.

तुमचीच,
शालन